प्राचीन ग्रीकमधलं ‘स्वतः’: आत्मवाचक सर्वनामं कशी ओळखायची, कशी वाचायची

डेल्फीच्या अपोलो मंदिराच्या दर्शनी मंडपात ‘ग्नोऽथि सौतोन’ असं कोरलेलं होतं. स्वतःला ओळख. ग्रीकचा एकही धडा न वाचलेल्या माणसानेही हे दोन शब्द कुठेतरी ऐकलेले असतात, आणि त्यातला दुसरा शब्द म्हणजे आत्मवाचक सर्वनाम. सुरुवात इतकी ओळखीची असूनही झेनोफोन किंवा प्लेटो हे अथेन्सचे गद्यलेखक वाचायला घेतले की गाडी नेमकी याच सर्वनामांपाशी अडते. ‘औतोन’ म्हणजे त्याला की स्वतःला? ‘होइ’ दिसलं तर ते उपपद (इंग्रजी ‘द’सारखा नामाआधीचा शब्द) समजायचं की सर्वनाम? एका वाक्यात चार सर्वनामं आली तर कोणतं कोणाचं?

माझा अनुभव असा, की यातली बरीचशी अडचण ग्रीकची नसते. आपण ग्रीक शिकतो इंग्रजी पुस्तकांवरून, आणि तिथे ग्रीकमधल्या तीन वेगळ्या गोष्टींना ‘हिमसेल्फ’ हा एकच शब्द पुरवलेला असतो. मराठीत मात्र आपण ‘स्वतः’, ‘आपण’, ‘आपला’ आणि ‘त्याचा’ हे शब्द फार बारकाईने वाटून वापरतो. ती वाटणी ग्रीकच्या वाटणीशी आश्चर्य वाटावं इतकी जुळते. म्हणून इथे मी थेट मराठीतून ग्रीककडे जाणार आहे. मूळ ग्रीक लिपी आणि विभक्तीची तोंडओळख तुम्हाला आहे असं धरते.

उच्चार लिहिण्याबद्दल थोडं. ग्रीकमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ ओ, तसेच ऱ्हस्व आणि दीर्घ ए, ही वेगळी अक्षरं आहेत. दीर्घ स्वर दाखवायला मी अवग्रह वापरला आहे: ‘हेऔतोन’ म्हणजे स्वतःला, ‘हेऔतोऽन’ म्हणजे स्वतःंचे, अनेकवचनी षष्ठी. एवढा एक अवग्रह सोडू नका. थ, फ, ख हे उच्चार प्राचीन अथेन्समध्ये आपल्यासारखेच महाप्राण होते, त्यामुळे देवनागरीत ते अगदी बिनचूक बसतात. पुढे याचा मोठा उपयोग होणार आहे.

पहिली पायरी: रूपं कशी घडली ते पाहा

पाठ करण्याआधी घडण समजली तर निम्मं काम होतं. ही सर्वनामं जोडशब्द आहेत. पुरुषवाचक सर्वनामाला ‘औतोस’, म्हणजे ‘खुद्द’, जोडला की झालं. एमे आणि औतोन मिळून ‘एमौतोन’, मला स्वतःला. से आणि औतोन मिळून ‘सेऔतोन’, तुला स्वतःला. हे आणि औतोन मिळून ‘हेऔतोन’, त्याला स्वतःला. होमरमध्ये हे तुकडे अजून जोडलेले नाहीत, तिथे ‘एमे औतोन’ असे सुटे शब्द येतात. अथेन्सच्या गद्यापर्यंत येताना एकवचनात ते घट्ट चिकटले. अनेकवचनात पहिल्या आणि दुसऱ्या पुरुषी मात्र सुटेच राहिले: ‘हेऽमास औतूस’ आम्हाला स्वतःला, ‘हुमास औतूस’ तुम्हाला स्वतःला. तिथे दोन्ही शब्द आपापले चालतात.

चालवायच्या विभक्ती तीनच: षष्ठी, चतुर्थी, द्वितीया. पुल्लिंगी एकवचन असं:

मी: एमौतू, एमौतोऽइ, एमौतोन
तू: सेऔतू, सेऔतोऽइ, सेऔतोन
तो: हेऔतू, हेऔतोऽइ, हेऔतोन

स्त्रीलिंगी हेऔतेऽस, हेऔतेऽइ, हेऔतेऽन. पहिल्या आणि दुसऱ्या पुरुषी शेवट असेच. नपुंसकलिंग फक्त तिसऱ्या पुरुषाला, द्वितीयेत ‘हेऔतो’. अनेकवचन हेऔतोऽन, हेऔतोइस, हेऔतूस. त्याच्या जोडीला ‘स्फोऽन औतोऽन’ हीसुद्धा एक रीत आहे.

बोलण्याच्या ओघात दुसऱ्या आणि तिसऱ्या पुरुषाची रूपं आखडतात. सेऔतोनचं ‘सौतोन’ होतं, डेल्फीच्या वचनात आहे तसं, आणि हेऔतोनचं ‘हौतोन’. हे दुसरं आखडलेलं रूप लक्षात ठेवा. सगळा गोंधळ तिथेच आहे.

एक गोष्ट मराठी डोक्याला नवी वाटेल. आपल्या ‘स्वतः’ला लिंग नाही. ग्रीकमध्ये बोलणारी बाई असेल तर ती ‘एमौतेऽन’ म्हणेल. भाषांतर करताना ही खूण हातातून निसटू देऊ नका. नाटकातल्या संवादात बोलतंय कोण हे कधीकधी एवढ्यावरूनच कळतं.

दुसरी पायरी: प्रथमा नाही, हे मनात पक्कं करा

वरच्या कोष्टकात प्रथमा का नाही? कारण आत्मवाचक सर्वनाम कर्त्याकडे बोट दाखवतं, ते स्वतः कर्ता होऊ शकत नाही. कर्त्याच्या जागी ‘खुद्द’ असा जोर द्यायचा असेल तर ग्रीकमध्ये ‘औतोस’ येतो.

आता मराठीकडे पाहा. ‘राजा स्वतः आला.’ ‘राजाने स्वतःला मारून घेतलं.’ दोन्हीकडे स्वतः, पण पहिल्यात तो बिनप्रत्ययाचा आणि दुसऱ्यात प्रत्ययासह. मी विद्यार्थ्यांना हाच ठोकताळा देते: मराठीत नुसता ‘स्वतः’ आला तर ग्रीकमध्ये औतोस, ‘स्वतःला’, ‘स्वतःचा’, ‘स्वतःसाठी’ आला तर हेऔतोनचं कुळ. अपवाद एकच, ‘राजाला स्वतःला विचारलं’ असं नामाच्या जोडीने त्याच विभक्तीत स्वतः येतो तेव्हा तो जोर देणाराच असतो, आणि ग्रीकमध्येही तिथे औतोसचंच त्या विभक्तीतलं रूप लागतं.

औतोसची तीन कामं आहेत आणि ती जागेवरून ठरतात. ‘औतोस हो बसिलेउस’ म्हणजे खुद्द राजा. औतोस उपपदाच्या बाहेर. ‘हो औतोस बसिलेउस’ म्हणजे तोच राजा. औतोस उपपद आणि नाम यांच्यामध्ये. आणि नामाशिवाय, प्रथमा सोडून इतर विभक्तीत एकटा आला, ‘औतोन’, ‘औतू’, ‘औतोऽइ’, तर साधं त्याला, त्याचा, त्याच्यासाठी. पायथागोरसचे शिष्य गुरूचं मत सांगताना ‘औतोस एफा’ म्हणत, अशी परंपरा आहे. नाव घ्यायचं नाही, ‘स्वतः म्हणाले’ एवढंच. आपल्याकडे घरातल्या मोठ्या माणसाबद्दल ‘आता स्वतःच येतील’ म्हणतात, त्याच जातीचा हा आदर.

तिसरी पायरी: ‘ह’ शोधा

‘औतोन’ म्हणजे त्याला. ‘हौतोन’ म्हणजे स्वतःला. फरक एका हकाराचा, आणि ग्रीक लिपीत हा हकार अक्षराने लिहितच नाहीत. स्वरावर अर्धचंद्रासारखी बारीक खूण असते: उजवीकडे उघडी असेल तर हकार आहे, डावीकडे उघडी असेल तर नाही. औ हा दोन अक्षरांचा स्वर असल्याने खूण त्यातल्या दुसऱ्या अक्षरावर बसते. छापील पानावर ही खूण मुंगीच्या पायाएवढी असते. स्वस्त छपाईत किंवा स्कॅन केलेल्या प्रतीत ती कुठे उघडी आहे हे कळतसुद्धा नाही.

यावर एक अगदी खात्रीची युक्ती आहे, आणि देवनागरी वाचणाऱ्याला ती शिकवावी लागत नाही. सर्वनामाच्या आधी शब्दयोगी अव्यय असेल तर त्याचं शेवटचं व्यंजन पाहा. ‘कता’, ‘मेता’, ‘अपो’, ‘एपि’ यांचा शेवटचा स्वर पुढच्या स्वरापुढे गळतो. पुढे हकार असेल तर उरलेला त हकाराला मिळून थ होतो आणि प चा फ होतो. त आणि ह मिळून थ, हे आपल्याला तोंडानेच कळतं. म्हणून:

‘मेत औतू’ म्हणजे त्याच्याबरोबर, ‘मेथ हौतू’ म्हणजे स्वतःबरोबर.
‘अप औतू’ त्याच्यापासून, ‘अफ हेऔतू’ आपणहून.
‘कत औतोन’ त्याच्यानुसार, ‘कथ हेऔतोन’ आपलं आपण, एकट्याने.

खूण पुसट असली तरी थ आणि फ ही पूर्ण अक्षरं आहेत, ती लपत नाहीत. प्लेटोच्या ‘सिम्पोझियम’ या संवादात दिओतिमा ही ज्ञानी स्त्री सौंदर्याचं मूळ रूप कसं असतं ते सांगते: ‘औतो कथ हौतो मेथ हौतू’. पहिला शब्द बिनहकाराचा: ते खुद्द. पुढे दोनदा हकार: स्वतःच्याच आधारे, स्वतःच्याच सोबतीने. ‘ते आपलं आपण, आपल्याच ठायी’ असं काहीसं मराठीत म्हणता येईल. दुसऱ्या कशाचाही टेकू नसलेलं, हा प्लेटोचा सगळा विचार इथे दोन सर्वनामांच्या खेळीवर उभा आहे. म्हणूनच मी या खुणांच्या बाबतीत इतका हट्ट धरते.

अव्यय नसेल तर? मग संपादकाने छापलेल्या खुणेवर विसंबावं लागतं, पण ती खूण मूळ लेखकाने काढलेली नाही हे ध्यानात ठेवून. अथेन्सने इ.स.पू. ४०३-४०२ मध्ये आयोनियन लिपी अधिकृतपणे स्वीकारली आणि तिच्यात हकाराला अक्षर नव्हतं. हकाराच्या खुणांची पद्धत घालून देण्याचं श्रेय परंपरेने अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयातला पंडित, बायझँटियमचा अरिस्तोफानेस, याला दिलं जातं, तो इ.स.पू. २०० च्या आसपासचा. त्यामुळे ‘औतोन’ की ‘हौतोन’ हा निर्णय पुष्कळदा नंतरच्या वाचकांचा आहे. दोन आवृत्त्यांत फरक दिसला तर घाबरू नका. अर्थ लावून पाहा आणि आपलं मत बनवा.

चौथी पायरी: ‘आपला’ आणि ‘त्याचा’

‘रामाने श्यामला त्याच्या घरी नेलं.’ कोणाच्या घरी? सांगता येत नाही. ‘आपल्या घरी नेलं’ म्हटलं की रामाचं घर. ग्रीकमध्ये हीच निवड षष्ठीच्या दोन रूपांत असते, आणि शिवाय त्यांच्या जागा वेगळ्या ठरलेल्या असतात.

‘तोन हेऔतू अदेल्फोन’, आपल्या भावाला. आत्मवाचक षष्ठी उपपद आणि नाम यांच्या मध्ये बसते.
‘तोन अदेल्फोन औतू’, त्याच्या भावाला. साधी षष्ठी बाहेर राहते.

जागा हा हकाराचा दुसरा साक्षीदार. खूण दिसत नसेल आणि शब्द उपपदाच्या पोटात असेल, तर तो बहुतेक वेळा आत्मवाचक असतो.

मालकी उघड असेल तर ग्रीक काहीच म्हणत नाही, उपपदावर भागवतो. ‘आईवर प्रेम करतो’ म्हटलं की आई कोणाची हे विचारायला नको, मराठीतही नको. विद्यार्थी प्रत्येक नामामागे ‘त्याच्या’ लावत जातात. तो इंग्रजीचा संस्कार आहे, काढून टाका.

पाचवी पायरी: वाक्याच्या आत दुसरं वाक्य

आता जिथे थांबून वाचायला हवं तिथे आलो.

झेनोफोनच्या ‘अनाबासिस’ या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात कुरोस या पर्शियन राजपुत्राची गोष्ट आहे. त्याचा थोरला भाऊ अर्ताक्सेर्क्सेस पर्शियाच्या गादीवर बसलेला. आयोनियातली शहरं तिस्साफेर्नेस या सुभेदाराला राजाने दिलेली, ती आता कुरोसकडे वळलेली. कुरोस राजाकडे निरोप धाडतो:

‘एऽक्सिऊ, अदेल्फोस ओऽन औतू, दोथेऽनाइ होइ तौतास तास पोलेइस माल्लोन एऽ तिस्सफेर्नेऽन अर्खेइन औतोऽन.’

आणि लगेच पुढे: आई या कामात ‘औतोऽइ’ साथ देत होती.

एकेक सर्वनाम उचला. ‘औतू’: त्याचा, म्हणजे राजाचा. ‘होइ’: कोणाला? ‘औतोऽन’: त्यांच्यावर, शहरांवर. ‘औतोऽइ’: त्याला, कुरोसला. आता मराठी करून पाहा:

‘आपण त्याचे भाऊ आहोत, तेव्हा तिस्साफेर्नेसने या शहरांवर राज्य करण्यापेक्षा ती आपल्याला द्यावीत, अशी तो मागणी करत होता, आणि आईही यात त्याला साथ देत होती.’

‘होइ’चं मराठी ‘आपल्याला’. ‘स्वतःला’ नव्हे! ‘ती शहरं स्वतःला द्यावीत’ म्हटलं तर वाक्य मोडतं. ‘त्याला द्यावीत’ म्हटलं तर दुसऱ्याच कोणासाठी मागतोय असं वाटतं. मराठी माणूस इथे विचार न करता ‘आपल्याला’ म्हणतो, कारण मागणी कुरोसच्या तोंडची आहे आणि आपण ती त्याच्या बाजूने ऐकतो आहोत. आईचा उल्लेख मात्र झेनोफोनच्या तोंडचा आहे, म्हणून तिथे साधं ‘औतोऽइ’, ‘त्याला’. माणूस तोच, कुरोस. बोलणारा बदलला म्हणून सर्वनाम बदललं. हे वाक्य मला पहिल्यांदा मराठीतून उलगडलं तेव्हा मी पेन्सिल खाली ठेवून ते पुन्हा मोठ्याने वाचलं होतं.

तर नियम असा. कर्ता आणि सर्वनाम एकाच उपवाक्यात असतील तर हेऔतोनचं कुळ: मराठीत ‘स्वतःला’. सर्वनाम आतल्या वाक्यात, आणि ते बाहेरच्या मुख्य कर्त्याकडे बोट दाखवत असेल, विशेषतः त्याचं म्हणणं, मागणं, भिणं किंवा वाटणं सांगताना, तर अथेन्सच्या गद्यात जुनी सुटी रूपं येतात: एकवचनी ‘होइ’, अनेकवचनी ‘स्फेइस, स्फोऽन, स्फिसि, स्फास’. मराठीत ‘आपण, आपला, आपल्याला’. एकवचनात ‘हू’ आणि ‘हे’ ही बाकीची रूपं गद्यात विरळा. ‘होइ’ आणि स्फ-वाली रूपं ओळखता आली की बहुतेक काम भागतं. इतिहासकार थुकिदिदेस वाचताना ‘स्फिसि’ वारंवार भेटेल.

‘होइ’च्या बाबतीत सावध राहा. अनेकवचनी पुल्लिंगी उपपद ‘होइ’, संबंधी सर्वनाम ‘जे’ या अर्थी ‘होइ’, आणि हे चतुर्थीचं ‘होइ’, तिन्हींची अक्षरं आणि हकार एकच, फरक फक्त आघातचिन्हाचा. पुढे नाम आहे का, क्रियापदाला चतुर्थी हवी आहे का, हे पाहिल्याशिवाय निवाडा करू नका. होमरमध्ये तर हेच शब्द साध्या ‘त्याला’ या अर्थी सर्रास येतात, त्यामुळे तिथे हा नियम लावायचाच नाही.

हा नियम पोलादी नाही, हेही सांगायला हवं. आतल्या वाक्यात मुख्य कर्त्यासाठी ‘हेऔतोन’ही चालतं, आणि कधी साधं ‘औतोन’सुद्धा. त्याच प्रकरणात थोडं आधी कुरोस आपल्या पदरच्या, ‘पर हेऔतोऽइ’, लोकांची निगा राखतो, ते लढायला तयार असावेत आणि ‘औतोऽइ’ निष्ठा ठेवावी म्हणून. निष्ठा कुरोसशीच, पण सर्वनाम साधं. झेनोफोनने तिथे कुरोसच्या मनात न शिरता बाहेरून सांगितलं आहे. लेखक कुठे उभा राहून बोलतोय हे अशा जागी दिसतं.

आतल्या वाक्याचा कर्ता आणि बाहेरचा कर्ता एकच असेल तर ग्रीक तो कर्ता गाळतो. जोर द्यायचा असेल तर प्रथमेतला ‘औतोस’ ठेवतो. थुकिदिदेसने सांगितलेला इ.स.पू. ४२५ मधला वाद आठवा, पिलोसच्या मोहिमेवरून अथेन्समध्ये पेटलेला. सभेत क्लेओन हा पुढारी सेनापती निकियासवर तोंडसुख घेतो, निकियास म्हणतो मग तूच जा, आणि क्लेओन मागे सरतो: ‘ऊक एफेऽ औतोस अल्ल एकेइनोन स्त्रतेऽगेइन’. आपण नव्हे, तो सेनापती आहे, असं तो म्हणाला. ‘औतोस’ प्रथमेत, ‘एकेइनोन’ द्वितीयेत. विभक्ती पाहिली की दोघं वेगळे होतात, आणि मराठीचं ‘आपण’ पुन्हा नेमकं जागेवर बसतं.

मराठीत लिहिताना मात्र एक पथ्य पाळा. आपलं ‘आपण’ तीन घरचं पाहुणं आहे: तुम्हीआम्ही मिळून आपण, आदरार्थी आपण, आणि आत्मवाचक आपण. शाळेच्या व्याकरणात शिकवतात की आत्मवाचक आपण वाक्याच्या आरंभी येत नाही आणि दोन्ही वचनांत येतो. राजाला पाठवलेल्या निरोपात ‘आपल्याला द्यावीत’ लिहिलं तर वाचकाला ते आदरार्थी वाटू शकतं. तेव्हा शेवटी ‘अशी त्याची मागणी होती’ हे शब्द जवळ ठेवा.

जिथे सर्वनाम लागतच नाही

संस्कृतचं आत्मनेपद ज्यांना आठवतं त्यांना हा भाग सोपा जाईल. पुरोहित दुसऱ्यासाठी यज्ञ करतो तेव्हा यजति, यजमान स्वतःसाठी करतो तेव्हा यजते. ग्रीकमध्येही असंच क्रियापदाचं एक वेगळं रूप आहे. कायदे घालून देणारा लोकांसाठी कायदा करतो तेव्हा परस्मैपदासारखं रूप, लोक स्वतःसाठी करतात तेव्हा आत्मनेपदासारखं. ‘लूताइ’ म्हणजे अंघोळ करतो. रोजच्या अंगाच्या कामांना सर्वनाम जोडत नाहीत. आपणही ‘स्वतःला अंघोळ घालतो’ म्हणत नाही.

कर्माचा आघात स्वतःवर मुद्दाम, एरवी दुसऱ्यावर होणारा असेल तेव्हा मात्र साध्या क्रियापदाला आत्मवाचक सर्वनाम लागतं: ‘अपेक्तेइनेन हेऔतोन’, त्याने स्वतःला ठार केलं.

थुकिदिदेसच्या तिसऱ्या खंडात, कोर्किरा बेटावरच्या इ.स.पू. ४२७ च्या यादवीत, हेराच्या मंदिरात आश्रय घेतलेल्यांचा शेवट सांगितला आहे. बाहेर काय चाललंय ते पाहून त्यांनी ‘औतू’ देवळातच ‘अल्लेऽलूस’ मारलं, काही झाडांना ‘अपेऽन्खोन्तो’. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा ‘औतू’ला षष्ठी समजून ‘त्याच्या देवळात’ असं लिहिलं, आणि वाक्य काही केल्या बसेना. इथे ‘औतू’ सर्वनामच नाही, ते ‘तिथल्या तिथे’ या अर्थाचं क्रियाविशेषण आहे. ‘अल्लेऽलूस’ म्हणजे एकमेकांना. आणि शेवटच्या क्रियापदात ‘गळफास लावून घेतला’ हे सगळं सर्वनामाशिवाय, नुसत्या आत्मनेपदी रूपात आलं आहे. एका वाक्यात तिन्ही वाटा. मराठी करताना ‘घेणं’ हे सहायक क्रियापद आपल्या हाती आहे, मारून घेतलं, लावून घेतला. ते वापरा, ‘स्वतःला’ची भरती करू नका.

‘मला वाटतं’ यालाही ग्रीकमध्ये आत्मवाचक लागत नाही. ‘सिम्पोझियम’ सुरू होतं ‘दोकोऽ मोइ’ने: शब्दशः ‘मी मला वाटतो’. साधं ‘मोइ’, एमौतोऽइ नव्हे.

मुरलेले प्रयोग

काही जोड्या अख्ख्याच लक्षात ठेवाव्या लागतात. ‘एफ हेऔतू’, एकट्याच्या बळावर. ‘अफ हेऔतू’, आपणहून. लूकच्या शुभवर्तमानात सगळा पैसा उधळलेला मुलगा ‘एइस हेऔतोन एल्थोऽन’, शब्दशः स्वतःकडे येऊन, बापाकडे परतायचं ठरवतो. भानावर येऊन, असं मराठीत म्हणावं. ‘क्रेइत्तोऽन हेऔतू’, स्वतःपेक्षा बलवान, म्हणजे संयमी. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये सॉक्रेटिस या प्रयोगाला हटकतो: जो स्वतःपेक्षा बलवान तो स्वतःपेक्षा दुबळाही असणार, कारण माणूस एकच आहे! मग तो सोडवणूक करतो की आत्म्याचे भाग असतात आणि त्यातला चांगला भाग वाईटावर राज्य करतो. व्याकरणाच्या एका प्रयोगातून त्याने मानसशास्त्र काढलं.

काळ पुढे सरकतो तेव्हा

अलेक्झांडरनंतरच्या सर्वसामान्य ग्रीकमध्ये, कोइनेमध्ये, चित्र सोपं होतं. आखडलेलं ‘हौतोन’ मागे पडतं, ‘होइ’ जवळजवळ नाहीसं होतं. अनेकवचनात तिन्ही पुरुषांना ‘हेऔतूस’ चालू लागतं. बायबलच्या नव्या करारातल्या योहानाच्या पहिल्या पत्रात ‘हेऔतूस प्लानोऽमेन’ येतं, आपण स्वतःला फसवतो. क्रियापद पहिल्या पुरुषाचं आहे, ‘ते स्वतःला’ असं करू नका. पुरुष नेहमी क्रियापदावरून घ्यायचा.

शेजाऱ्यावर प्रेम करण्याच्या आज्ञेत ‘तोन प्लेऽसिओन सू होऽस सेऔतोन’ आहे. शेजाऱ्यासाठी साधं ‘सू’, तुझ्या, आणि पुढे ‘सेऔतोन’. मराठीत ‘तुझ्या शेजाऱ्यावर’ पेक्षा ‘आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ हे कानाला बरं लागतं. दोन भाषा इथे जराशा वेगळ्या चालतात, आणि अशा जागी मी मराठीचं ऐकते. रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसची ग्रीकमधली टिपणं ‘ता एइस हेऔतोन’ या नावाने ओळखली जातात: स्वतःला उद्देशून लिहिलेलं.

सराव

‘अनाबासिस’चं पहिलं प्रकरण घ्या. छापील प्रत असेल तर उत्तम, स्क्रीनवर असेल तर अक्षर मोठं करा. औत-, हेऔत-, होइ आणि स्फ- दिसेल तिथे पेन्सिलने गोल काढा आणि प्रत्येकाला याच क्रमाने विचारा: हकार आहे का, खूण दिसत नसल्यास मागच्या अव्ययात थ किंवा फ आहे का? उपपदाच्या पोटात आहे का? विभक्ती कोणती? याच उपवाक्याचा कर्ता कोण, आणि बाहेरच्याचा कोण? शेवटी समासात मराठी शब्द लिहा: त्याला, स्वतःला, आपल्याला, खुद्द, तोच. दोन शब्दांमध्ये अडलात तर पूर्ण वाक्य मराठीत मोठ्याने म्हणून पाहा. कुरोसच्या निरोपापाशी पोचाल तेव्हा ‘आपल्याला’ बहुतेक आपोआपच तोंडात येईल.